सागवान, स्क्रू आणि पावसाचे पाणी

जुनी शिडाची बोट विकत घ्यायला निघालेला माणूस इंजिन सुरू करून ऐकतो, शिडे उलगडून उन्हाला धरतो, तळ ठोकून पाहतो आणि मग घासाघीस करतो. लाकडाकडे त्याचे लक्ष सर्वांत शेवटी जाते, आणि तेही कौतुकाने. केबिनच्या छतावरचे कठडे करडे पडलेले असतात, सुकाणूच्या दांड्यावरचे व्हार्निश पापुद्र्यांनी सुटत असते, दाराच्या फळ्या खालच्या कडेला काळ्या पडलेल्या असतात. विकणारा म्हणतो, "पॉलिश पेपर मारा, व्हार्निशचे दोन हात द्या, नव्यासारखी दिसेल." घेणारा मान डोलावतो. त्या सल्ल्यात खोटे काही नाही, बोट खरोखरच नव्यासारखी दिसते. अडचण इतकीच की लाकडाचे दुखणे जिथे असते तिथे व्हार्निश पोहोचत नाही. ते दुखणे कुठे असते आणि ते शोधून काढल्यावर लाकूड दुरुस्त करायचे की बदलायचे, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

'जुनी बोट' म्हणजे येथे संपूर्ण लाकडी गलबत नव्हे. त्या विषयावर लिहायला मांडवी-रत्नागिरीकडचा एखादा मुरलेला मिस्त्रीच हवा. येथे अभिप्रेत आहेत त्या साधारण १९६० ते १९८५ या काळात अमेरिका, इंग्लंड, युरोप आणि तैवानमध्ये मोठ्या संख्येने बांधल्या गेलेल्या, पंचवीस ते चाळीस फुटी, फायबरग्लासच्या शिडाच्या बोटी. कार्ल आल्बर्गने आरेखलेली 'ट्रायटन' ही २८ फुटी बोट पिअर्सन या चुलतभावांनी जानेवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली. मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल आणि समुद्रातही नेता येईल अशी फायबरग्लासची बोट बाजारात चालते हे तिने दाखवून दिले. तेव्हाच्या बांधणाऱ्यांना या नव्या मालाचा पुरता भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी थर सढळ हाताने दिले. परिणामी त्यांतल्या कित्येक बोटींचे सांगाडे आजही ठणठणीत आहेत. चेसापीक किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात अशी बोट जुन्या मोटारीच्या भावात मिळू शकते, आणि तिकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसाला शिडाचा नाद लागला तर त्याची पहिली बोट बहुधा याच पिढीतली असते.

बोट फायबरग्लासची असेल तर तिच्यावर लाकूड कशाला, असा प्रश्न पडेल. याला दोन कारणे आहेत. एक सरळ व्यापाराचे. नुसत्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बोटीला गिऱ्हाईक नाक मुरडत असे, म्हणून तिला सागवानाची किनार दिली की ती बोट वाटे. तैवानच्या कारखान्यांनी १९७०च्या दशकात ही हौस कळसाला नेली. डेक सागवानी, कठडे सागवानी, केबिनच्या आतल्या भिंतीसुद्धा सागवानी. दुसरे कारण उपयोगाचे. ओल्या हाताला आणि ओल्या पायाला धातूपेक्षा व प्लास्टिकपेक्षा लाकूड अधिक धरून ठेवते. भर उन्हात ते चटके देत नाही आणि थंडीत हात गारठवत नाही. म्हणून आधारासाठी जिथे हात जातो किंवा जिथे पाय रोवायचा असतो तिथे लाकूड आले. छतावरचे हँडरेल, डेकच्या काठाने जाणारी टो-रेल, कॉकपिटभोवतीची उभी फळी, सुकाणूचा दांडा, केबिनच्या दारात वरून सरकवायच्या फळ्या, दोर बांधायच्या क्लीटखालचे ठोकळे ही सगळी त्यातलीच.

यादी एवढीच. पण तिच्यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू डेकला भोक पाडून बसवलेली आहे. हे एकदा ध्यानात आले की पुढचे सगळे त्याच्या मागून येते.

सागवान स्वतःहून सहसा कुजत नाही. त्याच्या गाभ्यात तेल असते, रबरासारखा चिवट अंश असतो आणि वाळूचा, म्हणजे सिलिकाचाही अंश असतो. रंध्याचे पाते सागवानावर लवकर बोथट होते ते यामुळेच. ऊन लागले की त्याच्या पृष्ठभागाचा रंग जातो आणि तो रुपेरी करडा होतो. हा करडेपणा आजार नाही. उन्हाने लाकडाच्या अगदी वरच्या थरातला बांधून ठेवणारा घटक झिजतो आणि पावसाने धुऊन जातो एवढेच, रंधा एकदाच फिरवला तरी खाली मूळ सोनेरी लाकूड दिसते. समुद्राचे पाणीही सागवानाचे वैरी नाही. मिठामुळे कुजवणाऱ्या बुरशीची वाढ रोखली जाते, म्हणून जुने खलाशी संध्याकाळी डेकवर खाऱ्या पाण्याच्या बादल्या ओतत. त्याने फळ्या फुगून सांधे घट्ट राहत आणि लाकूडही टिके. बुरशी धरते ती गोड्या पाण्याने, म्हणजे पावसाच्या आणि दवाच्या. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तोवर बुरशीला वाढता येत नाही. फळीच्या उघड्या पृष्ठभागावर पडलेला पाऊस ऊन पडताच उडून जातो. स्क्रूच्या भोकात उतरलेला पाऊस मात्र उडून जात नाही.

तो कसा उतरतो ते पाहण्यासारखे आहे. बांधताना लाकूड आणि डेक यांच्यामध्ये लुकण भरलेले असते. दहा-पंधरा वर्षांत ते कडक होऊन भेगाळते. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, फायबरग्लास तसे करत नाही. या ओढाताणीत केसाएवढी फट पडते आणि तीतून पाणी स्क्रूच्या आट्यांवरून खाली सरकते. तिथे लाकडाच्या नळ्या आडव्या कापल्या गेलेल्या असल्याने ते पाणी फळीच्या पाठीपेक्षा कितीतरी वेगाने आत शोषले जाते. स्क्रू पितळेचा असेल तर खाऱ्या ओलीत त्यातले जस्त निघून जाते आणि गुलाबी, ठिसूळ तांब्याची काडी उरते, जी पिळताच मोडते. स्टेनलेस स्टीलचा असेल तर लोक निर्धास्त असतात, पण स्टेनलेस स्टील हवेतला ऑक्सिजन मिळतो तोवरच स्टेनलेस राहते. ओल्या लाकडात गाडलेल्या भागात त्यालाही खड्डे पडतात. डोके चकाकत राहते आणि मान आतून कातरली जाते. अशा स्क्रूंसाठी चांगला धातू सिलिकॉन ब्राँझ. महाग आहे, पण एकदाच घ्यायचा असतो.

पाणी लाकडातच थांबले असते तरी फार बिघडले नसते. या काळातल्या बहुतेक बोटींचे डेक दोन पातळ फायबरग्लास थरांमध्ये बाल्सा किंवा प्लायवूड भरून केलेले आहेत. वजन कमी आणि ताठपणा जास्त, म्हणून ही युक्ती. भोकाच्या कडा सीलबंद केल्या नसतील, आणि बहुतेकांनी केल्या नाहीत, तर पाणी त्या मधल्या थरात पसरते. मग सहा मिलिमीटरच्या एका स्क्रूपायी हातभर डेक आतून मऊ पडतो. पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहिले तर निरोगी डेक टणत्कार देतो आणि सडलेला डेक बद्द वाजतो. भोकातून वाकवलेला खिळा फिरवला तर ओला भुसा बाहेर येतो. येथे दुरुस्ती लाकडाची राहत नाही, पण तिचे मूळ एका लाकडी पट्टीच्या बैठकीत असते. म्हणून या पुस्तकात व्हार्निशचे प्रकरण शेवटी आहे आणि भोकांचे पहिले. वाचकांनी ते वगळून पुढे जाऊ नये. तिथे सांगितलेली रीत थोडक्यात अशी. सहा मिलिमीटरचा बोल्ट बसवायचा असेल तर आधी बारा मिलिमीटरचे भोक पाडायचे, मधला सडका भाग खरवडून काढायचा, सुकू द्यायचे, घट्ट केलेले एपॉक्सी भरायचे, आणि ते पुरते कडक झाल्यावर त्याच्या मधोमध सहा मिलिमीटरचे नवे भोक घ्यायचे. यापुढे लुकण कधी सुटले तरी पाण्याला डेकच्या पोटात जायला वाट नाही.

पाणी कमी पडले तरी लाकूड बिघडते, हे सांगायला 'सुहैली'चे उदाहरण चांगले आहे आणि ते आपल्या घरचेही आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश दर्यावर्दी अधिकाऱ्याने ही ३२ फुटी बोट १९६३-६४च्या सुमारास मुंबईत बांधून घेतली. आराखडा अमेरिकन आरेखक विल्यम अ‍ॅटकिनचा, त्याचे मूळ नॉर्वेच्या बचाव-नौकांमध्ये. लाकूड मात्र सागवान, आणि कारागीर इथले, वाकस आणि सामता चालवणारे. याच बोटीतून तो १४ जून १९६८ रोजी इंग्लंडातल्या फाल्मथ बंदरातून निघाला आणि कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतला. असे करणारा तो पहिला माणूस. वाटेत अटलांटिकमध्ये तळाच्या सांध्यातून पाणी येऊ लागले तेव्हा त्याने पाण्यात बुडी मारून त्या फटीवर कॅनव्हासची पट्टी आणि तिच्यावर तांब्याचा पत्रा ठोकला. पुढे ही बोट ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात मानाने ठेवण्यात आली. तिथल्या नियंत्रित, कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. समुद्राने जे केले नाही ते संग्रहालय करील अशी लक्षणे दिसल्यावर मालकाने २००२ मध्ये तिला बाहेर काढले, दुरुस्त केले आणि पुन्हा पाण्यात सोडले. हिवाळ्यात बोट शेडमध्ये हीटर लावून ठेवणाऱ्या परदेशस्थ वाचकांनी हे वाचून ठेवावे.

आता मुख्य प्रश्न, दुरुस्ती की बदल. इंग्रजीतल्या हस्तपुस्तकांचा कल बहुधा वाचवण्याकडे असतो, आणि बोटींची कंत्राटे घेणाऱ्यांचा बदलण्याकडे. या पुस्तकाचा निकष दोन्हींपेक्षा वेगळा आहे आणि मला तो पटतो. लाकूड किती खराब झाले आहे हे नंतर पाहा. त्या लाकडावर काय लटकते ते आधी पाहा. ज्याच्यावर माणसाचा जीव किंवा बोटीची दिशा अवलंबून आहे ते संशय येताच बदला. बाकी सगळे, डोळ्यांना कितीही वाईट दिसले तरी, दुरुस्त होऊ शकते आणि बहुधा करावे.

हँडरेलचे उदाहरण घ्या. बोट झुकलेली, डेकवर पाणी, आणि पुढे शीड उतरवायला निघालेला माणूस एका हाताने त्या रेलला लटकलेला. हे काम त्या सागवानी पट्टीचे आहे. पुष्कळ कारखान्यांनी ती पट्टी छताखालून लाकडाचे स्क्रू मारून बसवली, कारण ते झटपट होते आणि वरून स्क्रूची डोकी दिसत नाहीत. वर्षानुवर्षे ओल खाल्लेल्या भोकात तो स्क्रू किती धरेल हे तपासायचा एकच मार्ग असतो आणि तो वादळात वापरायचा नसतो. म्हणून पट्टी चांगली असली तरी ती एकदा काढा, भोके वर सांगितल्याप्रमाणे भरून घ्या, आणि आरपार बोल्ट घालून आतून पट्टी व नट लावा. लाकडाला तडा गेला असेल तर नवी करा.

नवी करणे वाटते तितके अवघड नाही. हे रेल नेहमी जोडीने लागतात, डावा आणि उजवा, आणि ते जोडीनेच करतात. पाच इंच रुंद, एक इंच जाड, हवी तेवढी लांब फळी घ्यायची. मधोमध लांबीभर रेघ ओढायची. जिथे हात घालायच्या खाचा यायच्या त्यांच्या दोन्ही टोकांना त्याच रेघेवर मोठी गोल भोके पाडायची, भोकांमधला भाग करवतीने काढायचा, आणि शेवटी मधल्या रेघेवरून फळी उभी चिरायची. दोन रेल हातात येतात, एकमेकांचे आरसे असल्यासारखे तंतोतंत. लाकूड फारसे वाया जात नाही आणि दोन्ही बाजूंची मापे आपोआप जुळतात. ज्या कोणा सुताराला हे पहिल्यांदा सुचले त्याचे नाव कुठे नोंदलेले नाही.

टो-रेलचे गणित वेगळे. ती लांबच लांब असते, वाकवून बसवलेली असते, आणि तिचा एखादाच हातभर भाग सडलेला असतो. तिथे पूर्ण रेल बदलणे म्हणजे उधळपट्टी. सडका भाग कापून तिरपा सांधा घ्यावा. एक इंच जाडीला आठ इंच लांब उतार हे प्रमाण धरले की सांधा मूळ लाकडाइतकाच काम देतो. आखूड उताराचा सांधा पहिल्याच हंगामात उघडतो. डोलकाठीसारख्या ओझे पेलणाऱ्या लाकडाला हेच प्रमाण बारास एक ठेवतात. फळीच्या मधोमध एखादीच जागा गेली असेल तर तिथे चौकोनी तुकडा बसवायचा मोह टाळावा. शंकरपाळीच्या आकाराचा तुकडा बसवला की त्याची एकही कड रेषांना सरळ आडवी जात नाही, गोंद चांगला धरतो आणि डोळ्यांनाही तो तुकडा चटकन दिसत नाही. सागवान तेलकट असल्याने गोंद लावण्याआधी दोन्ही बाजू अ‍ॅसिटोनने पुसून घ्याव्यात. हे न केल्यामुळे सुटलेले सांधे पाहून लोक एपॉक्सीला दोष देतात.

स्क्रूच्या डोक्यांवर बसवायच्या लाकडी डट्ट्यांबद्दल या पुस्तकात सहा पाने आहेत. संपादनाच्या वेळी ती कमी करावीत असा आग्रह झाला होता. ती ठेवली हे बरे झाले, कारण हे काम शेकड्याने करावे लागते आणि चुकीची सवय लागली तर शेकड्याने चुकते. जुना डट्टा पटाशीने उकरू नये, कडा फुटतात. त्याच्या मधोमध बारीक भोक पाडून एक लहान स्क्रू पिळत न्यावा. तो खालच्या स्क्रूच्या डोक्याला टेकला की डट्टा आपसूक वर येतो. खालचा स्क्रू हलत नसेल तर त्याच्या डोक्यावर सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक काही वेळ धरावे. नवा डट्टा एपॉक्सीने चिकटवू नये, व्हार्निश किंवा लाखेने बसवावा, म्हणजे पुढच्या माणसाला तो काढता येईल. त्याची रेषा फळीच्या रेषेला समांतर ठेवावी. आणि तासताना पहिला घाव उंचावर घालून रेषा कोणत्या बाजूला उतरते ते पाहावे, मग सपाट करावे. हे न पाहता पहिल्याच घावात सपाट करू गेले की डट्टा फळीच्या खाली तुटतो.

सुकाणूचा दांडा हा दुरुस्त करण्याचा विषय नाही, एवढे सांगून मी पुढे जाईन. अ‍ॅश आणि महोगनीच्या पट्ट्या चिकटवून केलेला तो सुंदर बाक सुकाणूच्या डोक्याशी, धातूच्या पट्ट्यांच्या आत, जिथे दिसत नाही तिथे कुजतो. बाहेरचे व्हार्निश झकास असते. बोल्ट काढून आत सुई टोचा. सुई रुतली तर नवा करा आणि जुन्याचा साचा म्हणून उपयोग करा.

दाराच्या फळ्यांकडे तर कोणी सुटा भाग म्हणूनही पाहत नाही. बंदरात त्या काढून गादीखाली सारलेल्या असतात. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंड-आयर्लंडच्या समुद्रात फास्टनेट शर्यतीवर वादळ कोसळले. निघालेल्या ३०३ बोटींपैकी २४ बोटी माणसांनी सोडून दिल्या आणि शर्यतीतले १५ जण दगावले. त्यानंतरच्या चौकशीत ज्या उणिवा ठळकपणे पुढे आल्या त्यांच्यात या फळ्या होत्या. बोट उलटताच त्या खाचेतून निसटून गेल्या आणि केबिनचे दार समुद्राला सताड उघडे पडले. फळी जागच्या जागी पक्की करता आली पाहिजे ही शिफारस तेव्हापासूनची आहे. प्लायवूडच्या फळीची खालची कड सुटून ती पातळ झाली असेल तर तिला ठिगळ लावत बसू नका. नवी फळी करा आणि तिला आतून-बाहेरून दोन्हीकडून उघडता येईल अशी कडी लावा. हे काम एका दुपारचे आहे.

सागवानी डेकबद्दल माझे मत लेखकापेक्षा कडवे आहे. अर्ध्या इंच जाडीच्या पट्ट्या हजाराच्या घरात स्क्रू मारून बसवलेल्या, म्हणजे डेकला तेवढी भोके. पट्ट्या घासून घासून पातळ होतात, डट्टे उडतात, आणि मग प्रत्येक भोक पावसाला खुले. असा डेक झिजला असेल तर तो उचलून टाकावा, भोके भरावीत आणि खरखरीत रंग द्यावा. लेखक तो वाचवण्याच्या चार वाटा दाखवतो. वाचकाने दोन्ही बाजू वाचून आपला खिसा चाचपावा.

व्हार्निशचे वेड हा स्वतंत्र रोग आहे. चांगल्या व्हार्निशचे सहा-आठ हात, दोन हातांमध्ये पॉलिश पेपर, आणि दर वर्षी वरून आणखी एक-दोन, हे ज्याला झेपते त्याने जरूर करावे. मुंबईच्या मे महिन्यातले ऊन त्याची परीक्षा फार लवकर घेते, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत ते नीट सुकत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दव उडाल्यानंतर आणि दुपारचा धुळीचा वारा सुटण्यापूर्वी, एवढीच काय ती खरी वेळ. माझ्या मते बाहेरचे सागवान उघडे ठेवावे. मऊ ब्रशने, खाऱ्या पाण्याने, रेषांना आडवे धुवावे. रेषांच्या दिशेने घासले की मऊ भाग निघून जातो आणि खोबणी पडतात. जोराच्या फवाऱ्याचे यंत्र आणि तीव्र आम्लाची पावडर दोन्ही एका सकाळीत काही वर्षांची झीज करतात. व्हार्निश द्यायचे ते सुकाणूच्या दांड्याला, कारण अ‍ॅशला सागवानासारखे आतले तेल नसते, आणि केबिनच्या आत.

लाकूड कुठून आणायचे? हा प्रश्न पूर्वी इतका अवघड नव्हता. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली आणि २०२१च्या लष्करी उठावानंतर अमेरिका व युरोपीय संघाने तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले. पाश्चात्त्य बोटबांधणीत ज्याला चांगले सागवान म्हणत ते बव्हंशी तिथले होते. आता बाजारात येते ते लागवडीचे, इक्वेडोर, पनामा, घाना या देशांतले. लागवडीचे झाड लवकर तोडले तर त्यात सालीलगतचे पांढरट लाकूड जास्त आणि तेल कमी, आणि तो पांढरट भाग डेकवर टिकत नाही. लागवडीची कल्पना मात्र नवी नाही. मलबारचा कलेक्टर कॉनली याने १८४०च्या दशकात केरळमधल्या निलांबूरला सागाची लागवड करवली. जगातली सर्वांत जुनी सागाची लागवड म्हणून ती आजही दाखवतात, आणि ती करण्यामागे इंग्रजांची जहाजांसाठीची भूकच होती. त्याआधी मुंबईच्या गोदीत जमशेटजी वाडियांनी बांधलेली, १८१७ साली पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' ही लढाऊ नौका इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे आणि तिच्या मूळ सागवानाचा मोठा भाग शाबूत आहे. दोनशे वर्षांनंतरची ही साक्ष कोणत्याही दुकानदाराच्या हमीपेक्षा मोलाची.

महाराष्ट्रातल्या वाचकाला एक सोय आहे जी बोस्टनच्या वाचकाला नाही. वखारीत सीपी टीक, म्हणजे बल्लारशा-आलापल्लीकडचे सागवान, अजून मिळते. त्याहून चांगले म्हणजे पाडलेल्या वाड्यांचे. जुन्या बाजारात तुळया आणि खांब विकायला येतात. शंभर वर्षे छताखाली वाळलेले ते लाकूड आता फारसे फुगत-आकसत नाही. चिरण्याआधी त्यातले खिळे लोहचुंबकाने शोधून काढावेत, नाहीतर करवतीच्या पात्याचा खर्च लाकडाच्या वर जाईल. मुंबईत दारूखान्याच्या परिसरात आणि गुजरातेत अलंगच्या रस्त्यालगत मोडलेल्या जहाजांचे सामान विकणारी दुकाने आहेत. तिथे ब्राँझची क्लीट आणि बिजागऱ्या मिळाल्या तर किंमत ऐकून नवल वाटेल.

सगळे बदलत गेल्यावर बोट तीच राहते का, असे विचारणारे भेटतात. जोशुआ स्लोकम या कप्तानाने १८९०च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये शेतात पडलेली 'स्प्रे' नावाची मोडकी बोट तेरा महिने खपून, जवळजवळ प्रत्येक लाकूड नवे घालून उभी केली, आणि १८९५ ते १८९८ या काळात तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तशी प्रदक्षिणा करणारा तो पहिला. त्याच्या लेखी ती 'स्प्रे'च होती. मला वाटते हा वाद तिथेच मिटतो.

हे पुस्तक सुतारकाम शिकवत नाही. रंधा, पटाशी आणि करवत धरता येते हे गृहीत आहे. ज्यांना येत नाही त्यांनी शेजारच्या सुताराला सोबत घ्यावे आणि त्याला मध्येमध्ये अडवू नये. फक्त दोन गोष्टी त्याला आधी सांगाव्यात: येथे फेव्हिकॉल चालत नाही, आणि लोखंडी खिळा एकही मारायचा नाही.

वाचकाला एक विनंती. पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी एखाद्या मुसळधार पावसात छत्री आणि टॉर्च घेऊन बोटीवर जा, केबिनच्या छताचे अस्तर जिथे सोडवता येईल तिथे सोडवा, आणि प्रत्येक स्क्रूखाली हात फिरवा. जिथे ओल लागेल तिथे मास्किंग टेप चिकटवून तारीख लिहा. तुमची कामांची यादी त्या टेपवर आहे. मग व्हार्निशचा डबा घ्यायचा की नाही ते ठरवा.